शिक्षा म्हणजे शिक्षा नव्हे!

दिल्लीत ‘शिक्षा विभाग’ ही पाटी वाचली आणि क्षणभर पोटात गोळाच आला. हिंदीत शिक्षण, मराठीत छडी! टॉन डाइक्स्ट्रा आणि वॉल्टर व्हॅन ह्यूवेन या डच संशोधकांचं २००२ मधलं मॉडेल सांगतं, की दोन भाषा येणाऱ्यांच्या डोक्यात वाचताना दोन्हींतले शब्द एकदम जागे होतात. इंग्रजी ‘रूम’चं स्पेलिंग डचमध्ये साय होतं, म्हणून इंग्रजी वाचतानाही डच माणसाचा मेंदू किंचित अडखळतो. हे कळलं आणि हायसं वाटलं. इंग्रजी मेल वाचताना मी अडखळले, की स्वतःलाच ‘कच्ची’ म्हणायचे. पण मराठी घरी ठेवून ऑफिसला जाताच येत नाही, बॉस!