पिशवी ‘खराब’ म्हणजे नेमके काय?



लालबाग-परळच्या चाळींतून बैठका घेताना चाळिशी ओलांडलेल्या बायकांकडून एक वाक्य मी सतत ऐकते : “डॉक्टर म्हणाले, पिशवी खराब झालीय, काढून टाका.” खराब म्हणजे काय, हे विचारायला कुणी धजावत नाही. कॅन्सरच्या नुसत्या भीतीने घरचे सहीला तयार होतात. म्हणून ह्या ‘खराब’ शब्दाची फोड करायला हवी.

गर्भाशयाच्या अस्तरातले सगळे बिघाड एका जातीचे नसतात. पॉलिप म्हणजे अस्तराचा वाढलेला कोंब. तो बहुधा साधाच असतो. फायब्रॉइड तर अस्तराची नव्हे, स्नायूची गाठ. तीही कॅन्सरची नसते. हायपरप्लेझियात अस्तर जाड होते, त्यातल्या ग्रंथी दाटीवाटीने वाढतात. पेशींचे रूप बिघडलेले नसेल तर वीस वर्षांत कॅन्सर होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असते आणि प्रोजेस्टेरॉनच्या उपचाराने अस्तर बहुधा पूर्ववत होते. पेशींची केंद्रके मात्र मोठी, बेढब दिसू लागली, अहवालात ‘एटिपिया’ शब्द आला, तर धोका खराच वाढतो. तेव्हा शस्त्रक्रियेचा सल्ला योग्य ठरतो. कॅन्सरमध्येही एंडोमेट्रिऑइड प्रकार बहुधा सावकाश वाढतो, तर सीरस प्रकार आक्रमक असतो. त्यांचे उपचारही वेगळे.

हा फरक सोनोग्राफीत कळत नाही; तिथे अस्तराची जाडी दिसते, पेशी नाहीत. त्यासाठी अस्तराचा तुकडा काढून, मेणात बसवून, त्याचे अतिशय पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. ही विद्या आपल्या दाराशी आहे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हापासून डॉ. वसंत खानोलकरांनी तिथे पेशींच्या अभ्यासाची परंपरा उभी केली.

तरीही २०१९ साली बीड जिल्ह्यातील सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या किती जणींचा तुकडा आधी तपासला गेला होता? अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ साली सांगावे लागले.

ह्याचा अर्थ दुखणे अंगावर काढा असा नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदा जरी रक्त दिसले तरी तपासणी करून घ्याच. अस्तराच्या कॅन्सरमध्ये दहातल्या नऊ जणींना हे लक्षण दिसते. उलट, असे रक्त दिसलेल्या दहा जणींत कॅन्सर साधारण एकीलाच निघतो. ती एक कोण, हे तपासणीच सांगते.

तेव्हा गटांनी एवढे काम अंगावर घ्यावे. बाईबरोबर दवाखान्यात एकीने जावे आणि विचारावे : तुकडा तपासला का? पेशींबद्दल अहवाल काय म्हणतो? औषधाने भागेल का? शंका असेल तर स्लाइड आणि मेणाचा ठोकळा मागून घ्यावा, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवावा. पिशवी काढलीच, तर ती तपासणीला गेल्याची खात्री करावी आणि अहवालाची प्रत बाईच्या हाती द्यावी, नवऱ्याच्या नव्हे.