ल्युअरचा रंग आणि पवनेचं पाणी

परवा कपाट आवरताना माझा ल्युअरचा डबा बायकोच्या हाती लागला. "एवढे सगळे एकसारखे मासे कशाला?" मी म्हटलं, "एकसारखे कुठे? रंग वेगळे आहेत!" मोजले तर 31 निघाले. त्यातले वर्षभरात पाण्यात पडलेले फक्त 7. पुढचं संभाषण इथे देत नाही :)

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी: ल्युअर म्हणजे गळाला बांधायचा नकली मासा किंवा बेडूक. कणकेचा गोळा किंवा गांडूळ वासावर काम करतं, ल्युअर दिसण्यावर आणि हलण्यावर. म्हणून रंगाचा प्रश्न येतो. आणि रंगाचा प्रश्न आला की दुकानदाराचं फावतं.

आता हापिसातली सवय म्हणून मी दोन वर्षं एक्सेल शीट ठेवली. तारीख, जागा, पाणी, रंग, मासा लागला की नाही. निकाल एकदम स्पष्ट: पोपटी रंग सगळ्यात भारी! मग एक कॉलम वाढवला, कुठला रंग किती वेळ पाण्यात होता त्याचा. आणि फुगा फुटला. पोपटी जास्त चालत होता, कारण मी पोपटीच जास्त टाकत होतो. मासे मिळतात म्हणून टाकायचा, आणि टाकतो म्हणून मासे मिळतात. टेस्टिंगमध्ये ज्युनिअरनं ही चूक केली असती तर मी त्याला अर्धा तास ऐकवलं असतं.

तेव्हा माझं मत असं झालंय की रंग डब्यात बघून ठरवायचाच नाही. आधी पाणी बघायचं.

कारण साधं आहे. रंग ल्युअरमध्ये नसतो, तिच्यावर पडणाऱ्या उजेडात असतो, आणि पाणी तो उजेड गाळून घेतं. स्वच्छ पाण्यात लाल रंग आधी मरतो. काही मीटर खाली लालभडक ल्युअर काळपट दिसते. गढूळ पाण्यात उलटं. माती आणि कुजका पालापाचोळा निळा उजेड आधी खातात, त्यामुळे तिथे निळी ल्युअर म्हणजे पैसे पाण्यात. शेवाळानं हिरव्या झालेल्या पाण्यात हिरवा-पिवळा उजेड सगळ्यात लांब जातो, म्हणून तिथे पोपटी खरोखर चालतो.

पण "गढूळ" म्हणजे किती गढूळ? यासाठी 1865 साली अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञानं एक सोपी युक्ती वापरली. पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते बघायचं. मी जुन्या मेलामाइनच्या ताटलीला भोक पाडलं, खाली वजनाला दोन नट बांधले, सुतळीला फुटाफुटावर गाठी मारल्या. खर्च शून्य.

त्यावरून माझा ठोकताळा असा:

ताटली चार फुटांच्या खाली दिसत असेल (हिवाळ्यात पवना धरणाचा फुगवटा) तर चंदेरी, पांढरा, खऱ्या मासोळीसारखा रंग. भडक काही नको.

एक ते चार फूट आणि पाणी हिरवट असेल (पावसाळ्यानंतरचे गावतलाव) तर पोपटी किंवा सोनेरी.

फुटाच्या आत, चहासारखं पाणी (पहिले मोठे पाऊस) तर काळा. हो, काळाच. खालून वर बघणाऱ्या माशाला उजेडावर काळी सावली ठसठशीत दिसते. सोबत फिरती पाती किंवा आत वाजणारे छर्रे हवेत, कारण अशा वेळी मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या रेषेनं पाण्याची थरथर ओळखतो.

संध्याकाळी उजेड कमी झाला की कुठल्याही पाण्यात काळा.

मरळीसाठी वापरतात त्या तरंगत्या बेडकाची तर गंमतच आहे. मरळ त्याला खालून बघते, म्हणजे तिला दिसतं पोट. पाठीवरची सुंदर नक्षी फक्त तुम्हाला दिसते. मी त्या नक्षीचे जास्तीचे पैसे दोनदा मोजलेत. (पृष्ठभागाजवळ पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथे गळ टाकू नका. आई खाली राखण करत असते. आणि तलाव बहुधा मच्छीमार संस्थांच्या ठेक्यात असतात, तेव्हा आधी विचारा.)

म्हणजे चार रंग पुरतात. उरलेले 27 मी चाकणला नोकरी करणाऱ्या मित्राला देऊन टाकले. तो भामा आसखेडच्या फुगवट्यावर जातो. आता त्याच्या बायकोचं काय व्हायचं ते होवो.

पण ही ताटली हातात आल्यापासून एक वाईट सवय लागली. पूल दिसला की ती सोडून बघायची. रावेतच्या बंधाऱ्यापाशी आपलं शहर पिण्याचं पाणी उचलतं. तिथून थोडं खाली, थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यावर पाणी काळं होतं आणि त्यावर पांढरा फेस तरंगत होता. सांडपाण्यातला साबण बंधाऱ्यावरून पडताना घुसळला की असा फेस येतो. आळंदीला इंद्रायणीवर तोच फेस वारकऱ्यांच्या गुडघ्याला लागतो. ताटली वीतभर खाली गेली आणि नाहीशी झाली. माझ्या ठोकताळ्यात या पाण्याला रंगच नाही. प्राणवायू संपलेल्या पाण्यात काळी टाका नाहीतर सोनेरी, बघायला कोणी नसतं.

हीच पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा होते. त्याच मुळा-मुठेतला, पुण्याच्या पूर्वेकडचा मासा बघून कर्नल साइक्सनं 1839 मध्ये दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं. आज त्याच महसीरची पिल्लं लोणावळ्याला टाटांच्या वळवणच्या केंद्रात हौदात वाढवावी लागतात.

आम्ही गळवाले आपसात पोपटी की सोनेरी यावर तासन्‌तास भांडतो. मीही भांडलोय. पण नदीच्या काठावर तासन्‌तास पाण्याकडे बघत बसणारी माणसं शहरात आता आहेतच किती? निदान आपण तरी बघितलेलं लिहून ठेवावं. माझ्या शीटमध्ये आता "मासा" या कॉलमच्या आधी "ताटली किती फूट" हा कॉलम आहे, आणि तो मी मासा लागला नाही तरी भरतो. पुढच्या रविवारी मोशीला इंद्रायणीवर जाणार आहे. गळ घरीच ठेवीन बहुतेक, ताटली नेतोय. कोणी येत असेल तर सकाळी सातला पुलावर भेटा.