आजीचे चार शब्द आणि तीन रंगांची तार



मागील महिन्यात धर्मग्रामातील एका घरी गेलो असता तेथील तरुण मुलगा जुन्या टीव्हीसमोर मोबाइल धरून उभा असलेला दिसला. आईवडिलांच्या १९९३ सालच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट लाविली होती व तो पडद्याचेच चित्रण करीत होता. अशा काचेच्या पडद्यावर चित्र ओळीओळीने, सेकंदास ५० वेळा उमटते. मोबाइलचा ताल त्याशी जुळत नाही. म्हणून मोबाइलमध्ये काळा पट्टा सरकताना दिसे. मुलीस निरोप देताना आजी काही बोलली, पण ते परसातील कोंबड्यांच्या कलकलाटात बुडाले. आजी आता हयात नाही. तिचा आवाज अन्यत्र कोठेही नाही.

ज्यांच्या घरी मिनीडीव्ही अथवा डिजिटल-एट कॅसेटचा जुना कॅमकॉर्डर पडून असेल, त्यांनी तो भंगारात देऊ नये. त्यांतील पुष्कळांना भिंगाखेरीज चित्र आत घेण्याची दुसरी वाट असते. पिवळ्या, पांढऱ्या व लाल पिनांची तार व्हीसीआरच्या 'आउट'मधून कॅमकॉर्डरला जोडावी. कॅमकॉर्डर चित्रणावर न ठेवता कॅसेट चालविण्याच्या खुणेवर ठेवावा, वीज बॅटरीऐवजी भिंतीवरून द्यावी, आणि चित्र स्थिर झाले की त्यावर 'रेकॉर्ड' दाबावे. पिवळ्या पिनेतून चित्र येते, उरलेल्या दोहोंतून आवाज. कोंबड्या कितीही ओरडोत! मिनीडीव्ही कॅसेट बहुधा ६० मिनिटांची. तीन तासांच्या लग्नास अशा तीन लागतात. पुढे ते संगणकात घेतल्यास एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते.

येथे माझा एक अपराध सांगितलाच पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाची कॅसेट उतरविताना मी घाईने 'रेकॉर्ड' दाबले ते व्हीसीआरचे. चार मिनिटे पुसली गेली. "फादर, त्यात नुसती वरात होती," असे ती माउली मला धीर देण्यासाठी म्हणाली; मला ते पटले नाही. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकची एक लहान पट्टी असते. ती आधीच मोडली असती, तर यंत्राने नवे काही नोंदविलेच नसते. तुम्ही ती प्रथम मोडा.

टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसल्यास ती कॅसेट लावूच नये. यंत्र खराब होऊन पुढच्या कॅसेटीही बिघडतात. ती जाणकाराकडे न्यावी.

पोर्तुगाल वा इंग्लंडहून आप्तांनी आणिलेला कॅमकॉर्डर असेल तर आधी पाहून घ्यावे. युरोपात विकल्या गेलेल्या अनेक कॅमकॉर्डरांत ही आत येणारी वाट बंद केलेली असे, कारण बाहेरचे चित्र नोंदविणाऱ्या यंत्रावर तेथे आयातकर अधिक पडे. मनुष्याच्या आठवणींवर जकातीची अशी छाया पडावी, हे नवलच!

हे काम पुढील वर्षावर टाकू नये. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनविणे थांबविले. आज चालतात ती यंत्रे जुनीच, आणि दुरुस्त करणारे हात कमी होत आहेत.

त्या घरची कॅसेट आम्ही दोघांनी शनिवारी तारेने उतरविली. आजी म्हणाली होती, "पोचलीस की पत्र टाक, आणि मीठ बेताने घाल." मुलाच्या आईने तेवढाच भाग पुन्हा लावावयास सांगितला. मूळ कॅसेट तिने कपाटात, कोरड्या जागी, उभी ठेविली आहे.