पाणी किती, हे विचारणारी तांडेल

मैत्रिणींनो, रेवसच्या धक्क्याला लाँच लावायची तर भरती-ओहोटी पाहावीच लागते. मुरलेला तांडेलही खलाशाला ‘पाणी किती?’ असे विचारतो. त्याने त्याचा अधिकार कमी होत नाही.

खुल्या संगणकप्रणालींचे कामही असेच. तिथले बहुतेक लोक पुढाऱ्याच्या पगारावर नसतात. मान राहिला नाही तर निघून जातात. १९९१ मध्ये लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने २०१८ मध्ये आपल्या तुसड्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे तो बाजूला राहिला. त्याच वर्षी पायथनचा जनक गिडो व्हान रॉसम अंतिम निर्णयाच्या जागेवरून उतरला. २०१९ मध्ये तिथे पाच जणांचे निवडून आलेले मंडळ आले. कामे थांबली नाहीत.

आणि आपण? नम्रता बाईवर लहानपणापासून लादलेलीच असते. म्हणून ‘नम्र व्हा’ हा उपदेश सगळ्यांना सारखा नको. कोपऱ्यात बसणाऱ्या नव्या मैत्रिणीने बोलायला शिकावे, वर्षानुवर्षे माईक धरणाऱ्या ताईने ऐकायला.

आपल्या संघटनेत हिशेबाची वही, बँकेची सही, पत्रकार परिषद कुणाच्या हाती आहे? पुढच्या बैठकीत एवढे तरी एकमेकींना विचारू या.