टीम नक्की कुणाची? कोचची, स्टारची की सगळ्यांची?

यूट्यूबवर 'केपा सबस्टिट्यूशन' असं टाकून बघा. तारीख २४ फेब्रुवारी २०१९. लंडनचं वेम्बली स्टेडियम, लीग कपची फायनल, चेल्सी विरुद्ध मँचेस्टर सिटी. नव्वद मिनिटं झालीत, जादा वेळही संपत आलाय, स्कोअर अजून ०-०. आता पेनल्टी शूटआउट होणार हे उघड आहे. चेल्सीचा गोलकीपर केपा अरिझाबालागा याच्या पायात गोळे आलेत, मैदानातच उपचार घ्यावे लागलेत. कोच मॉरिझिओ सार्री ठरवतात, केपाला बाहेर काढायचं आणि विली कबायेरोला आत पाठवायचं.

निर्णय डोकं चालवून घेतलेला होता. कबायेरो आधी सिटीकडूनच खेळायचा, त्यामुळे समोरचे खेळाडू त्याच्या ओळखीचे. शिवाय २०१६ मध्ये याच स्पर्धेच्या फायनलमध्ये त्याने शूटआउटमध्ये लिव्हरपूलच्या तीन पेनल्टी अडवल्या होत्या. कबायेरो टचलाइनवर तयार उभा राहिला, बोर्ड वर गेला आणि केपाने हात हलवून सांगितलं, मी येत नाही!

डेव्हिड लुईझ त्याच्याशी बोलायला गेला, उपयोग शून्य. सार्री रागाने लाल झाले, बाहेर जायच्या बोगद्याकडे निघाले आणि पुन्हा माघारी आले. शेवटी कबायेरो बाहेरच राहिला. केपाने शूटआउटमध्ये एक पेनल्टी अडवलीसुद्धा, पण चेल्सी ४-३ने हरली.

नंतर दोघांनीही 'गैरसमज झाला' असं सांगून विषय मिटवला. क्लबने केपाचा एक आठवड्याचा पगार कापला, पुढच्या सामन्यात त्याला बाहेर बसवलं. पण आपण कॉलेजमधली, हॉस्टेलमधली मुलंमुली तो व्हिडीओ बघून हसतो, मीम्स बनवतो आणि मूळ प्रश्न सोडून देतो. त्या मिनिटाला टीम कुणाची होती?

तुम्ही म्हणाल, यात काय विचारायचं? कोच सांगेल तसं. मग फुटबॉलची नियमावली उघडा. तिसरा नियम सांगतो की, ज्याला बदलायचंय तो खेळाडू बाहेर यायला तयार नसेल तर खेळ पुढे चालू राहील. बस्स, एवढंच. रेफरी त्याला हाताला धरून बाहेर काढणार नाही. म्हणजे कोचचा अधिकार नियमात लिहिलेला नाहीच, तो खेळाडूने मानला तरच असतो. कॅप्टनचंही तेच. हातावर पट्टी असली तरी नियमानुसार त्याला वेगळा कुठलाही हक्क नाही, उलट टीमच्या वागण्याची थोडी जबाबदारी तेवढी आहे.

मग केपाने कोचचा अधिकार का मानला नाही? तो उद्धट होता, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पुरेसं वाटत नाही. केपाला चेल्सीने २०१८च्या ऑगस्टमध्ये ७ कोटी पौंडांहून जास्त पैसे मोजून आणलं होतं. तेव्हा तो जगातला सगळ्यात महागडा गोलकीपर होता. आणि त्या क्लबमध्ये कोचची खुर्ची किती पक्की, हे सगळ्यांनाच माहीत होतं. रॉबेर्तो दी मातेओ यांनी मे २०१२मध्ये चेल्सीला पहिली चॅम्पियन्स लीग जिंकून दिली आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना घरी पाठवण्यात आलं. अशा ठिकाणी खेळाडूला न सांगता कळतं की हे साहेब आज आहेत, उद्या नसतील. सार्रीही त्याच उन्हाळ्यात, युरोपा लीग जिंकून, निघून गेले. केपा राहिला. वरचे लोक कोचला किती दिवसांचा पाहुणा समजतात, त्यावर खालचे लोक त्याचं किती ऐकायचं हे ठरवतात. आपल्या कॉलेजात सीएचबीवर असलेल्या सरांचं बॅक बेंच किती ऐकतो, ते आठवा. वेगळं उदाहरण द्यायची गरज नाही.

मग हुकूमशाहीच बरी का? अनेकांचं मत तसंच असतं आणि ते लगेच अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचं नाव पुढे करतात. १९८६ ते २०१३, मँचेस्टर युनायटेड, लीगची १३ विजेतेपदं. फेब्रुवारी २००३मध्ये सामना हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये त्यांनी लाथाडलेला बूट डेव्हिड बेकहॅमच्या भुवईवर बसला आणि त्याच उन्हाळ्यात बेकहॅम रेआल माद्रिदला गेला. २००५मध्ये कॅप्टन रॉय कीनने क्लबच्या टीव्ही चॅनेलला दिलेल्या मुलाखतीत सहकाऱ्यांवर कडक टीका केली आणि काही दिवसांत तोही बाहेर. टीमपेक्षा मोठं कुणी नाही, हा संदेश सगळ्यांना पोचला.

हे चाललं, हे मान्यच करायला हवं. पण २०१३नंतर काय झालं तेही बघा. फर्ग्युसन निवृत्त झाले, त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिलही गेले. डेव्हिड मॉयेस यांना सहा वर्षांचा करार मिळाला, पण दहा महिन्यांत त्यांना काढलं. खेळाडू कुठले घ्यायचे, टीम कशी खेळणार, पुढच्या पाच वर्षांत काय करायचं, हे सगळं इतकी वर्षं एका माणसाच्या डोक्यात होतं आणि ते डोकं निवृत्त झालं. फुटबॉल डायरेक्टर नावाचं पद युनायटेडने पहिल्यांदा भरलं ते मार्च २०२१मध्ये. एका माणसावर सगळं सोपवलं की तो असेपर्यंत बरं वाटतं. बिल नंतर येतं आणि ते भलत्यालाच भरावं लागतं.

आता दुसरं टोक. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ब्राझीलमध्ये १९६४पासून लष्करी राजवट होती. साओ पाउलोचा कोरिंथियन्स हा तिथला प्रचंड लोकप्रिय क्लब. ८०च्या दशकाच्या सुरुवातीला क्लबची अवस्था वाईट होती. तेव्हा अदिल्सन मोंतेइरो आल्वेस नावाचे समाजशास्त्रज्ञ फुटबॉल विभागाचे संचालक झाले आणि त्यांनी खेळाडूंना चक्क विचारलं, तुम्हाला काय वाटतं? टीममध्ये सॉक्रेटिस होता. नावाने तत्त्वज्ञ, शिक्षणाने डॉक्टर आणि १९८२च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलचा कॅप्टन. कामगार संघटनेसारखं खेळाडूंच्या हक्कांसाठी भांडणारा व्लादिमीर होता. विशीतला, केस वाढवलेला कासाग्रांदे होता. त्यांनी ठरवलं, सगळ्या गोष्टींवर मतदान घ्यायचं. आणि मत फक्त खेळाडूंना नाही, मैदानाबाहेर टीमसाठी राबणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही. किट सांभाळणाऱ्याचं एक मत, सॉक्रेटिसचंही एकच.

मतदान कशावर व्हायचं? सरावाच्या वेळा, प्रवास, नवा खेळाडू घ्यायचा की नाही आणि पैशांची वाटणीसुद्धा. सगळ्यात गाजलेला मुद्दा सामन्याआधीच्या 'कोंडवाड्याचा'. तेव्हा तिथले क्लब सामन्याआधी खेळाडूंना हॉटेलात किंवा कॅम्पमध्ये डांबून ठेवायचे. मोठी कमावती, लग्न झालेली माणसं, पण घरी झोपायची मुभा नाही. कोरिंथियन्सने तो प्रकार ऐच्छिक केला. तुम्ही मोठे आहात, तुमचं तुम्ही बघा. आता हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी खरं सांगा, हे वाचून पोटात काहीतरी हललं की नाही?

लोक म्हणाले, हे बेशिस्त होणार, दारू पिऊन पडणार. झालं असं की टीमने १९८२ आणि १९८३ अशी सलग दोन वर्षं साओ पाउलो राज्याची लीग जिंकली. नोव्हेंबर १९८२मध्ये निवडणुका होत्या, तर खेळाडू पाठीवर '१५ तारखेला मतदान करा' असं छापलेले शर्ट घालून मैदानात उतरले. राष्ट्राध्यक्ष निवडायचा अधिकार ज्या देशात जनतेला नव्हता, तिथे एक फुटबॉल टीम बसमध्ये मतदान करून दाखवत होती. याला नाव पडलं, 'कोरिंथियन्स लोकशाही'.

आता मी याचं गुलाबी चित्र रंगवून थांबू शकते, पण ते खरं होणार नाही. टीममधल्या सगळ्यांना हे पटलेलं नव्हतं. १९८३मध्ये आलेला गोलकीपर लेआओ उघडपणे विरोधात होता. एक माणूस, एक मत हे बोलायला ठीक आहे, पण देशाचा कॅप्टन हात वर करतो तेव्हा १९ वर्षांच्या नवख्या खेळाडूला हात खाली ठेवणं सोपं असतं का? एप्रिल १९८४मध्ये थेट निवडणुकांची घटनादुरुस्ती संसदेत २२ मतांनी हुकली. ती मंजूर झाली तर देशातच राहीन, असं सॉक्रेटिसने जाहीर सभेत सांगितलं होतं. ती पडली आणि तो इटलीला फिओरेंतिनाकडे गेला. १९८५मध्ये आल्वेस क्लबच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरले आणि प्रयोग संपला. लोकशाहीचा प्रयोग निवडणुकीत हरून संपला, यावर हसावं की रडावं कळत नाही. शिवाय तोही शेवटी काही मोजक्या माणसांच्या आधारावर उभा होता, हेही त्यातून दिसलं.

तरीही मी कोरिंथियन्सच्या बाजूने आहे. का, ते सांगते.

११९व्या मिनिटाला मतदान घेता येत नाही. कुणाला खेळवायचं, कुणाला काढायचं, हा क्षणात घ्यायचा निर्णय आहे. तो कोचनेच घ्यावा आणि खेळाडूने गप बाहेर यावं. केपा चुकला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कोचच्या त्या एका क्षणाच्या शब्दाला वजन यायचं असेल, तर बाकीच्या ३६४ दिवसांत खेळाडूला कुणीतरी विचारलेलं असावं लागतं. मी कुठे झोपायचं, किती वाजता उठायचं, माझ्या घामाचे पैसे कसे वाटायचे, यात ज्याला विचारलं जातं, त्याला 'आता बाहेर ये' हे ऐकणं कमी अपमानाचं वाटतं.

आणि विचारणं म्हणजे दर वेळी मतदानच, असंही नाही. लिव्हरपूलचं उदाहरण घ्या. २०१७मध्ये कोच युर्गन क्लॉप यांच्या मनात जर्मनीचा युलियन ब्रांट होता. क्रीडा संचालक मायकल एडवर्ड्स आणि त्यांच्या डेटा टीमचं म्हणणं होतं, मोहम्मद सलाह घ्या. तोच सलाह, जो आधी चेल्सीत चालला नव्हता. क्लॉप 'मी कोच आहे' म्हणून अडून बसू शकले असते. त्यांनी ऐकलं. पहिल्याच मोसमात सलाहने लीगमध्ये ३२ गोल केले. ज्याला ज्या गोष्टीतलं जास्त कळतं, त्याचं त्या गोष्टीत ऐकायचं, इतकी साधी गोष्ट आहे. पण ती करायला बॉसला स्वतःची खुर्ची सुरक्षित वाटावी लागते.

आता आपल्याकडे या. कॉलेज फेस्टच्या कमिटीत मी दोन वर्षं होते. ग्रुपवर ६० जण. टी-शर्ट काळा हवा की नेव्ही ब्लू, यावर पोल. फोटोबूथची थीम, पोल. डीजे की बँड, पोल. आम्हाला वाटायचं, वा, काय लोकशाही आहे! पण स्पॉन्सरकडून किती पैसे आले आणि ते कुठे गेले, यावर पोल कधीच आला नाही. तो निर्णय तिघांनी कँटीनमध्ये घेतलेला असायचा. मी एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी तर त्या तिघांत मीच होते आणि मीही कुणाला विचारलं नाही. व्हॉलंटियर पोरं दुसऱ्या दिवशी दुपारी गेट सोडून निघून गेली, तेव्हा मात्र आम्ही त्यांना बेजबाबदार म्हणालो. आज केपाचा व्हिडीओ बघताना मला ती पोरं आठवतात.

म्हणून एक सुचवते. तुमची एकांकिकेची टीम असेल, एनएसएसचा गट असेल, कॉलेजची फुटबॉल टीम असेल, पुढच्या मीटिंगला तीन प्रश्न विचारा. आपल्याला कशावर विचारलं जातंय आणि कशावर नाही? शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी सांगितलंय का? आणि तो निर्णय चुकला तर समोर येऊन 'माझं चुकलं' कोण म्हणणार? उत्तरं मिळाली तर टीम ठीक चालली आहे. 'तुला काय करायचंय' असं ऐकू आलं, तर मात्र पुन्हा विचारा.

आणि तुम्ही स्वतः त्या कँटीनमधल्या तिघांपैकी असाल, तर कुणी विचारायची वाट बघू नका. टी-शर्टच्या आधी हिशोब ग्रुपवर टाका.