वर्तमानपत्र की पेपर?

‘वर्तमानपत्र’ या शब्दातले ‘वर्तमान’ म्हणजे चालू काळ नव्हे, तर बातमी. पेशवाईतल्या पत्रांत ‘इकडील वर्तमान’ असेच लिहीत. ‘वृत्तपत्र’ही त्याच ‘वृत्’ धातूचे. मूळ धातूच्या अर्थाने वर्तमान म्हणजे घडत असलेले, वृत्त म्हणजे घडून गेलेले. मराठीने दोन्ही शब्द जपले, हे तिचे वैभवच. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ हे वर्तमानपत्र सुरू केले, ते मराठी-इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. बोलण्यात मात्र ‘पेपर’च रुळला. पनवेल तालुक्यातल्या ओवे गावात अलिबागचा ‘कृषीवल’ही पेपर आणि मुलांच्या परीक्षेतलाही पेपरच, कोणता, ते क्रियापदावरून कळते. एक वाचतात, दुसरा लिहितात. वाचून शिळा झालेला पेपर मग ‘रद्दी’ होऊन किलोवर विकला जातो.