एपिड्युरलचा पंप: भोंगा वाजला नाही म्हणजे सगळे ठीक नाही

बाळंतपणाच्या कळा कमी करण्यासाठी पाठीच्या मणक्यांमधून एक बारीक नळी बसवतात. तिला एपिड्युरल कॅथेटर म्हणतात. "पाठीत सुई घेतली की जन्माची कंबर गेली," असे आपल्या वस्त्यांत अजून सांगितले जाते. बाळंतपणानंतर कंबर पुष्कळ जणींची दुखते, सुई न घेतलेल्यांचीही. दोष मात्र सुईच्या माथी. पण आज आम्हाला बोलायचे आहे ते त्या नळीला जोडलेल्या पंपाबद्दल.

ही नळी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. नळीचे भोक निम्मे केले तर तेवढ्याच दाबाने वाहणारे पाणी निम्मे होत नाही, सोळावा हिस्सा उरते. म्हणून सलाईनसारखी बाटली उंच टांगून इथे भागत नाही. पंप मोजून औषध पुढे ढकलतो.

बऱ्याच नळ्यांना टोकाजवळ तीन छिद्रे असतात. पंप तासाला आठ-दहा मिलिलिटर असा संथ चालला, तर औषध बहुतेक सगळे पंपाच्या बाजूच्या पहिल्या छिद्रातूनच पडते. आपल्या गल्लीत नळाला दाब नसला की पहिल्या घरांचे हंडे भरतात आणि शेवटचे घर कोरडे राहते, तसेच हे. तेच औषध ठरावीक वेळाने एकदम जोराने सोडले की तिन्ही छिद्रांतून जाते आणि लांबवर पसरते. या पद्धतीत एकूण औषध सहसा कमी लागते, पायही कमी जड होतात. नवे पंप हे आपोआप करतात.

नळी कुशीखाली दबली किंवा मुडपली की पंपात दाब चढतो आणि भोंगा वाजतो. पण वेग संथ असेल तर दाब चढायला वेळ लागतो, तोवर कळा परत सुरू होतात. म्हणून बाई दुखते म्हणाली की भोंग्याची वाट न बघता सिस्टरला बोलवा. भोंगा बंद करायचे बटण नातेवाइकांनी दाबू नये. जास्तीच्या डोसचे बटण हातात दिले असेल, तर ते फक्त तिनेच दाबायचे. सासूने नाही, नवऱ्यानेही नाही.

नळीचे टोक कुठे आहे हे पंपाला कळत नाही. ते सरकून शिरेत गेले तरी पंप शांतपणे औषध ढकलत राहतो. ओठ बधिर होणे, कानात गुणगुण, पाय अचानक उचलता न येणे, दम लागणे, यातले काहीही झाले तर त्याच क्षणी सांगा.

म्हणूनच सरकारी दवाखान्यात नुसता पंप आणून ठेवण्याला आम्ही सुधारणा म्हणणार नाही. रक्तदाब, पायांची ताकद, बाळाचे ठोके बघणारी सिस्टर आणि रात्रीसुद्धा हजर असणारे भूलतज्ज्ञ हवेत. "कळा सोसायच्याच असतात" हे उत्तर आपल्याच बायांना का मिळावे? सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीला जाल तेव्हा विचारा: इथे एपिड्युरल मिळते का, रात्री देतात का, आणि पंप लावल्यावर बाईजवळ कोण थांबते?